घरटी किती प्राणी? संख्यामर्यादेची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला, पण संख्येला आडकाठी नव्हती. कर भरा आणि हवी तेवढी पाळा. पुढे रेबीजच्या धास्तीने अनेक ठिकाणी परवाने आणि गळ्यातले बिल्ले आले. घरटी आकडा ठरवणं हे मुख्यतः विसाव्या शतकातल्या दाट वस्तीचं अपत्य.

अमेरिकेत बऱ्याच नगरपालिकांनी ही मर्यादा आडवाटेने आणली. त्यांनी ‘केनेल’ची व्याख्या केली: अमुक संख्येहून जास्त कुत्री असलेली जागा म्हणजे केनेल, आणि निवासी भागात केनेलला परवानगी नाही. मर्यादा तीनची असेल तर चौथं कुत्रं येताच राहतं घर कागदोपत्री केनेल होतं, मालकाने जन्मात एक पिल्लू विकलेलं नसलं तरी. पिल्लं बहुधा ठरावीक वयापर्यंत मोजत नाहीत. वय उलटलं की तीच पिल्लं, त्याच घरात, नियमभंग ठरतात.

खरा वाद पेटला तो ‘उपद्रव’ या शब्दावर. भुंकणं, दुर्गंधी, घाण यांवर कारवाई करायला कायदे आधीपासून होतेच. मग आकडा कशाला? इलिनॉयमधल्या न्यायालयाने १९८१ मध्ये दोन कुत्र्यांची मर्यादा उचलून धरली. पेनसिल्व्हानियात १९९४ मध्ये पाच कुत्री-मांजरांच्या मर्यादेवरचा खटला अपिलात गेला, तेव्हा न्यायालयाने वेगळा सूर लावला: जे मुळात उपद्रवी नाही, ते नुसत्या ठरावाने उपद्रव ठरत नाही. मर्यादा तिथल्या तिथे रद्द झाली नाही. हा आकडा वाजवी कसा, हे तपासायला प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेलं. पाचच का, सहा का नाहीत, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आजही क्वचितच मिळतं. तरी तीनच वर्षांनी, १९९७ मध्ये, मिनेसोटात खालच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेली दोन कुत्र्यांची मर्यादा अपिलात पुन्हा उभी राहिली. संख्या वाढली की आवाज आणि वास वाढतो, एवढा तर्क तिथे पुरला. प्रशासनालाही तेच सोयीचं: वास मोजायचा कसा हा प्रश्नच आहे, कुत्री मात्र बोटांवर मोजता येतात.

आशियात न्यायालयांपेक्षा प्रशासनाचा शब्द चालला. शांघायने २०११ मध्ये घरटी एकच कुत्रं हा नियम आणला. गाझियाबादमध्ये २०२२ साली, कुत्रं चावल्याच्या घटना गाजल्यावर, तशीच मर्यादा आली. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत उलट घडलं. तिथे मंजूर यादीतलं एक छोटं कुत्रं चालायचं, मांजराला मात्र अनेक दशकं बंदी होती, आणि तरी लोक मांजरं पाळतच होते. सप्टेंबर २०२४ पासून तिथे घरटी दोन मांजरांना परवानगी आहे. ज्यांच्याकडे आधीपासून जास्त होती, त्यांनी ठरलेल्या मुदतीत परवान्यासाठी अर्ज केला तर ती सगळी ठेवता येतात.