एसी घुमतो पण उठत नाही: लाईन डिम आहे की कपॅसिटर गेला?

उन्हाळ्यात विदर्भातल्या गावांत एसीच्या आउटडोअरमधून एक आवाज हमखास ऐकू येतो. आधी 'हूंऽऽऽ' असं जड घुमणं, पाच-दहा सेकंद. मग एक 'टक्', आणि चूप. काही मिनिटांनी पुन्हा तेच. खोलीत मात्र हवा येतच असते, फक्त ती थंड नसते, त्यामुळे बऱ्याच घरी 'गॅस संपला' असंच आधी वाटतं. गॅसचा इथे संबंध नाही. गॅस कमी असला तर कॉम्प्रेसर चालतो आणि गारवा कमी पडतो. इथे कॉम्प्रेसर उठतच नाहीये.

न उठण्याची दोन मुख्य कारणं: लाईन डिम, म्हणजे व्होल्टेज कमी, नाहीतर कपॅसिटर कमजोर. दोन्हींचा आवाज इतका सारखा की नुसत्या कानाने ओळखतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कानासोबत स्टॅबिलायझरचा आकडा बघावाच लागतो. (हे सगळं साध्या, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसीबद्दल. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर पीसीबीवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवरून, हळूहळू वेग घेतो. व्होल्टेज फार पडलं तर तो बहुधा असा घुमत बसत नाही, बंद पडून डिस्प्लेवर एरर कोड दाखवतो.)

साध्या एसीतली मोटर सिंगल फेजची. सिंगल फेजवर मोटरला फिरायचं कळतं, पण सुरुवात कोणत्या दिशेने करायची ते कळत नाही. म्हणून आत दुसरं वाइंडिंग असतं आणि त्यातला करंट कपॅसिटर थोडा पुढे सरकवतो, त्यातून पहिला धक्का मिळतो. आपल्याकडे हे ज्याला त्याला ठाऊक आहे, फक्त कुलरच्या रूपात. बटण दाबलं की कुलर नुसता घुमतो, काडीने पातं ढकललं की फिरायला लागतो, तिथे कपॅसिटर गेलेला असतो. एसीच्या कॉम्प्रेसरला काडी लावायची सोय नाही, तो लोखंडी डब्यात बंद आहे.

आता व्होल्टेज. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज साधारण २२ टक्क्यांनी पडलं, पण जोर उरला ६१ टक्केच. तेवढ्यात कॉम्प्रेसर उठला नाही की अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. मग ओव्हरलोड नावाचा छोटा रक्षक लाईन तोडतो. तो 'टक्' त्याचा. कपॅसिटर कमजोर असतानाही अगदी हेच होतं, म्हणून आवाजही तोच.

एक 'टक्' मात्र वेगळा काढून ठेवा. खोलीतल्या स्टॅबिलायझरच्या रिले व्होल्टेज वर-खाली झालं की टक-टक करतात, आणि व्होल्टेज फारच खाली गेलं की तो स्वतःच एसी तोडतो. हा आवाज भिंतीवरून येतो, आउटडोअरमधून नाही. तसंच लाईन झपकून लगेच परत आली तर पहिल्या खेपेला एसी घुमू शकतो, कारण पाइपांतला गॅसचा दाब अजून समान झालेला नसतो. तीन मिनिटं थांबून सुरळीत उठला तर विषय तिथेच संपला.

लाईन डिम असल्याची खूण आउटडोअरपाशी शोधू नका, घरात शोधा. छताचा पंखा मंदावतो, जुना पिवळा बल्ब मिणमिणतो, फ्रिजही घुमायला लागतो. (एलईडीवर जाऊ नका, बरेच एलईडी १५० व्होल्टवरही तितकेच उजळ दिसतात.) आउटडोअरचा पंखाही सुस्त फिरतो. आणि वेळ ठरलेली असते. गावठाणाचा फीडर (सबस्टेशनवरून येणारी लाईन) शेतीपंपांपासून वेगळा झाला असेल तर संध्याकाळी सात ते दहा, कुलर-एसी सगळे एकदम लागतात तेव्हा. घर शेतात असेल किंवा डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) पंपांचीच असेल तर थ्री फेज, म्हणजे पंपांची लाईन, येते तेव्हा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याला उन्हाळी पाणी, गोंदिया-भंडाऱ्याकडे उन्हाळी धान, आणि जवळपास प्रत्येक पंपाला ऑटो स्विच. लाईन येताक्षणी सगळे पंप एकाच झटक्यात उठतात आणि डीपीवरचं व्होल्टेज कोसळतं. अशा वेळी शेजारचा पोरगा सांगून जातो ते खरं असतं, "काकाजी, लाईन डिम हाय, राहू द्या ना आता." रात्री दोनला पंखा जोरात फिरायला लागला की तोच एसी मुकाट उठतो.

कपॅसिटरच्या बाबतीत घरातलं बाकी सगळं ठणठणीत असतं. पंखे जोरात, फ्रिज व्यवस्थित, स्टॅबिलायझरवर २२५. आउटडोअरचा पंखाही भन्नाट फिरतो, कारण बहुतेक स्प्लिट एसीत त्याचा दोन-चार मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर वेगळा असतो. फक्त त्याच्यासमोर हात धरला तर गरम झळ लागत नाही, बाहेरचीच हवा येते. आत कॉम्प्रेसर घुमतोय आणि टक् करतोय. कपॅसिटर पूर्ण गेला असेल तर हे सकाळी, दुपारी, रात्री केव्हाही होतं.

इथवर सोपं आहे. घोळ होतो तो अर्धवट गेलेल्या कपॅसिटरमुळे. कपॅसिटर एका दिवसात मरत नाही. ४५ मायक्रोफॅरडचा हळूहळू ४०, ३५, ३० वर येतो. टिनाच्या छपरावर, पश्चिमेच्या उन्हात आउटडोअर ठेवला असेल तर लवकर. नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि हे तापमान सावलीतलं असतं. छपरावरच्या पत्र्याच्या डब्यात काय होत असेल त्याचा अंदाज करा. असा कमजोर कपॅसिटर पहाटे, गार हवेत, चांगल्या व्होल्टेजवर कॉम्प्रेसर उठवून देतो. दुपारी गॅसचा दाब वाढलेला असतो, संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं, तेव्हा मात्र त्याची ताकद पुरत नाही. म्हणजे त्याचं वेळापत्रक हुबेहूब डिम लाईनसारखं दिसतं. 'पहाटे चालतो, संध्याकाळी नाही, म्हणजे लाईनच' हा निष्कर्ष इथेच फसतो.

म्हणून पुरावा एकाच बाजूने चालतो. व्होल्टेज चांगलं असताना एसी घुमला तर लाईन निर्दोष, कपॅसिटर बघा. व्होल्टेज पडलेलं असताना घुमला तर काहीच सिद्ध झालं नाही, दोघंही संशयित. त्याच दुपारच्या उन्हात पण चांगल्या व्होल्टेजवर पुन्हा बघायला हवं. पंपांची थ्री फेज रात्री असलेल्या आठवड्यात अशी दुपार मिळते.

आकडा कधी बघायचा हेही महत्त्वाचं. एसी बंद असताना इनपुटचा २०५ दिसतो आणि माणूस म्हणतो लाईन तर ठीक आहे. खरा आकडा आहे तो घुमण्याच्या त्या पाच सेकंदांतला. एकाने आउटडोअरकडे कान द्यायचा, दुसऱ्याने स्टॅबिलायझरवर डोळा ठेवायचा. घुमताना २०५ चा १६० झाला तर लाईनवरचा संशय कायम, आणि २०५ चा २०० वरच राहिला तर कपॅसिटर बघा. फक्त आउटपुट दाखवणारा स्टॅबिलायझर असेल तर त्या आकड्यावरून लाईन ठरवू नका, तो चढवलेला आकडा असतो. हा प्रयोग एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक अडकण्यात वाइंडिंग तापतं, आणि रिमोटने पुन्हा पुन्हा चालू करत बसणं हा चांगला कॉम्प्रेसर जाळायचा खात्रीचा उपाय आहे. कॉम्प्रेसर तापलेला असेल तर ओव्हरलोडला परत जुळायला अर्धा तासही लागतो.

मेकॅनिकला फोन करताना 'एसी थंड करत नाही' एवढंच सांगितलं तर तो गॅसचा सिलिंडर घेऊन येईल. 'घुमतो, टक् करतो, पंखा फिरतो, घुमताना इनपुट २१५' असं सांगा, म्हणजे येताना कपॅसिटर आणि मायक्रोफॅरड मोजणारा मीटर घेऊन येईल. झाकण स्वतः उघडू नका, लाईन तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो. चंदेरी डब्याचं डोकं फुगलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही. सपाट असेल तर मोजून घ्या, कारण मेलेला कपॅसिटर बाहेरून धडधाकट दिसू शकतो. नवीन बसवताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. 'जरा मोठा टाकून देतो, लाईन डिम असली तरी उचलेल' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. मोठ्या कपॅसिटरने दुसऱ्या वाइंडिंगमधून कायम जास्त करंट जातो. कपॅसिटर काही शे रुपयांचा, कॉम्प्रेसर काही हजारांचा. म्हणूनच कपॅसिटर न मोजता 'कॉम्प्रेसर गेला भाऊ' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नवा कपॅसिटर आणि चांगलं व्होल्टेज, दोन्ही असून घुमत राहिला तरच कॉम्प्रेसर जाम झाल्याचा संशय धरायचा.

आणि लाईनच निघाली तर? मग ती कोणाची लाईन, हा प्रश्न उरतो. घुमताना शेजाऱ्याचाही पंखा मंदावत असेल तर डीपीवर लोड जास्त आहे. नियमात २३० व्होल्टच्या ६ टक्के खाली-वर, म्हणजे २१६ ते २४४ इतकीच मुभा आहे, तेव्हा आकडा आणि वेळ लिहून महावितरणकडे तक्रार करता येते, १९१२ वर किंवा लेखी. शेजारी सगळं ठीक आणि फक्त तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर दोष खांबापासून एसीपर्यंतच्या वायरमध्ये शोधा. मीटरपासून २० मीटरवर एसी आहे आणि वायर दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची आहे असं धरा. उठताना ३८ अँपिअर ओढले तर वायरमध्येच १८ व्होल्ट जातात, चार स्क्वेअर एमएमची असेल तर ७. शिवाय खांबावरचा सैल झालेला जोड, मीटरपाशी काळी पडलेली वायर, हात लावला तर कोमट लागणारा प्लग. असा प्लग दिसला तर स्टॅबिलायझर मोठा घेऊन उपयोग नाही, तो त्याच वायरमधून आणखी करंट ओढेल. तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.