फिजिओथेरपी : स्नायू व सांध्यांची नेहमीची दुखणी

फिजिओथेरपी : व्यायाम, हाताने करून घेतलेली हालचाल, उष्णता, थंडावा आणि विजेचा सौम्य प्रवाह यांच्या साहाय्याने वेदना कमी करून शरीराची हालचाल सुधारणारी उपचारपद्धती. मराठीत तिला भौतिकोपचार असा प्रतिशब्द आहे. बोलण्यात मात्र फिजिओथेरपी हाच शब्द रुळला आहे. अर्धांगवायू, अस्थिभंग आणि शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन ही तिची मोठी क्षेत्रे आहेत. प्रस्तुत नोंद मान, कंबर, खांदा व गुडघा यांच्या रोजच्या दुखण्यांपुरती असून ती सातारा-सांगली भागातील कामाच्या पद्धती समोर ठेवून लिहिली आहे.

1894 मध्ये इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी मर्दनाच्या व्यवसायाला शिस्त आणण्यासाठी संघटना स्थापन केली. आधुनिक फिजिओथेरपीच्या व्यवसायाची ती एक महत्त्वाची सुरुवात होती. भारतात पोलिओमुळे तिची निकड भासली आणि विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले. आज कराड येथे फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. 8 सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन मानला जातो.

या भागातील दुखण्यांवर पिकांचा ठसा स्पष्ट दिसतो. तासगावच्या बाजूला ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत शेंडे खुडणे, घडांची विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) ही कामे मांडवाखाली उभे राहून, मान मागे टाकून व दोन्ही हात डोक्याच्या वर धरून तासन्‌तास चालतात. हात वर असताना खांद्याच्या हाडांमधील अरुंद जागेत स्नायूबंध दाबले जातात, आणि रोज तेच घडत राहिले की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, पोलक्याचे हूक लावताना हात मागे जात नाही. जावळी-पाटणच्या भातलावणीत आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत वाकण्याचा भार कमरेवर येतो. ऊसतोडीत वाकून तोडणे आणि उठून मोळी डोक्यावर घेणे हे दोन्ही एकाच दिवसात शेकडो वेळा होते. शहरात हेच काम शिवणयंत्र, दुचाकी आणि मोबाईल करतात.

अशा वेळी रुग्ण सांगतो की उसण भरली, पाठ धरली, शीर चढली. हे शब्द अनुभवाचे नेमके वर्णन करतात. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘वाटी झिजली’, ‘वंगण संपले’ ही वाक्ये मात्र अपाय करतात, कारण ती ऐकल्यावर माणूस हालचालीलाच भिऊ लागतो. वाढत्या वयात मणक्यांमधील चकत्यांत बदल होतात आणि काहीच दुखत नसलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही ते दिसतात. अहवालातील शब्द आणि वेदना यांचे प्रमाण एकास एक नसते. कंबरदुखीत पूर्वी सांगितली जाणारी अंथरुणातील विश्रांतीही आता सांगितली जात नाही. साध्या कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात, आणि हिंडते-फिरते राहिलेले अधिक लवकर सुधारतात.

तपासणीत सांध्याची हालचाल किती अंशांपर्यंत जाते, कोणता स्नायू दुबळा आहे व कोणता आखडला आहे हे पाहिले जाते, आणि दिवसभराचे काम विचारले जाते. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पायातील बळ जाणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना आढळल्यास व्यायाम न देता रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवावे लागते.

उपचारांत लोकांना सर्वाधिक ओढ ‘शेक’ आणि ‘करंट’ यांची असते. त्वचेवर पट्ट्या लावून दिलेल्या सौम्य विद्युतप्रवाहाने वेदनेचा संदेश काही काळ मंदावतो, शेकाने स्नायू सैल होतो. पण या शेक-करंटने स्नायूला बळ येत नाही, आणि दहा दिवस केवळ मशीन लावून घरी परतणारा रुग्ण अर्ध्याच उपचाराचे पैसे देतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर शेकाने भाजण्याचा धोका असतो, आणि पेसमेकर असलेल्यांनी विद्युत उपचारांपूर्वी तसे सांगणे अत्यावश्यक आहे.

खरा उपचार व्यायाम हाच आहे. गुडघ्याच्या झिजेत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, 5 ते 10 सेकंद धरायचा आणि सोडायचा. हा व्यायाम दिसायला क्षुल्लक असला तरी सांध्यावरचा भार स्नायूने उचलण्याची सुरुवात त्यातूनच होते. आखडलेल्या खांद्यासाठी ओणवे होऊन हात लोलकासारखा झुलवणे आणि भिंतीवर बोटे चढवत नेणे सांगतात. मधुमेही रुग्णांत अधिक आढळणारा हा विकार बरा व्हायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. ही मुदत सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली तर रुग्ण मध्येच व्यायाम सोडण्याची शक्यता कमी होते. व्यायामानंतरचे हलके दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरले तर मात्रा योग्य समजावी, वाढले तर ती कमी करावी.

कामाची रीत बदलणे हाही उपचाराचाच भाग असतो. द्राक्षबागेत पायाखाली भक्कम घोडी (चढून उभे राहायची तिवई) घेतली तर घड छातीच्या पातळीला येतो आणि हात खांद्याच्या वर ठेवावा लागत नाही. विरळणी करताना दर अर्ध्या तासाने हात खाली सोडून खांदे फिरवून घेणे मुकादमाने मान्य केले, तर दवाखान्यात शिकलेला व्यायाम बागेत टिकतो.