क्यूजीआयएस शिकायचंय? युजर गाइड आणि ट्रेनिंग मॅन्युअल यात गल्लत करू नका

वेताळ टेकडीवरची झाडं नकाशावर टाकायची म्हणून आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या ग्रुपमधल्या तिघाचौघांनी क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर, इन्स्टॉल केलं, आणि आठवडाभरात सगळ्यांचं एकच, की हे आपल्याच्यानं होणार नाही. काय वाचताय म्हणून विचारलं तर सगळ्यांनी क्यूजीआयएसच्या साइटवरचं युजर गाइड उघडलेलं, तेही पहिल्या पानापासून. त्यांची काहीच चूक नाही, नावावरून वाटतंच की वापरणाऱ्यासाठीचं पुस्तक आहे तर सुरुवात इथूनच करायची. पण नवशिक्याचं पुस्तक ते नाही, त्याच साइटवर शेजारीच ट्रेनिंग मॅन्युअल म्हणून दुसरं आहे, ते आहे.

दोन्ही फुकट, दोन्ही क्यूजीआयएसवाल्यांचीच, दिसायलाही सारखी, त्यामुळे गोंधळ होतो. फरक रचनेत आहे. युजर गाइड सॉफ्टवेअरच्या मागे चालतं, म्हणजे हा मेनू, हा टूल, त्यातलं हे खोकं, त्यात काय भरायचं. ट्रेनिंग मॅन्युअल कामाच्या मागे चालतं.

बफरचंच घ्या, म्हणजे एखाद्या गोष्टीभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणं. समजा मुठा नदीच्या दोन्ही बाजूंना 100 मीटरचा पट्टा काढायचाय. युजर गाइडमध्ये बफर शोधलं तर डिस्टन्स, सेगमेंट्स, कडा गोल की चौकोनी, सगळं नीट लिहिलेलं सापडेल. पण तुम्ही नदीची लेयर, म्हणजे नकाशाचा थर, ओपनस्ट्रीटमॅप या फुकट ऑनलाइन नकाशावरून उतरवलेली असेल तर ती बहुतेक ईपीएसजी 4326 या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत असते, तिचं माप मीटर नाही, डिग्री. तिथे 100 टाकलं की झाले 100 अंश, आणि अक्षांशाचा एक अंशच साधारण 111 किलोमीटरचा, म्हणजे पट्टा पुणे जिल्हाच काय, देशही ओलांडून जातो. खोक्याच्या बाजूला डिग्रीज असं लिहिलेलं असतं खरं, पण नवीन माणसाची नजर तिथे जात नाही.

ट्रेनिंग मॅन्युअलमध्ये हाच बफर एका गोष्टीत येतो. दक्षिण आफ्रिकेतलं स्वेलेनडॅम नावाचं गाव, तिथे घर शोधायचंय, शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, मुख्य रस्ता 50 मीटरच्या आत, रेस्टॉरंट 500 मीटरच्या आत, घर 100 चौरस मीटरपेक्षा मोठं. मग आधी लेयर मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत, आणायला लावतात आणि त्यानंतरच बफर. ते एकदा हातानं केलं की डिग्री आणि मीटरचा घोळ डोक्यात पक्का बसतो. फक्त एक लक्षात ठेवा, ते प्रोजेक्शन यूटीएम आहे, त्यात जगाचे झोन पाडलेले असतात आणि त्यांचा झोन तिकडचा आहे, 34 साऊथ, तो तसाच उचलू नका. पुण्यासाठी यूटीएम 43 नॉर्थ, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये शोधायचा कोड ईपीएसजी 32643.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक धड्यात आधी त्यांच्यासोबत करत जायचं, मग स्वतः करून बघायचं, आणि उत्तर दिलेलं असतं पण झाकलेलं. सरावाचा डेटाही मिळतो, तो आधी उतरवून घ्या, नाहीतर पहिल्याच धड्याला अडाल.

व्हर्जन मात्र दोन्हीकडे बघायलाच हवं. क्यूजीआयएस 3 आलं 2018 च्या फेब्रुवारीत आणि त्यात बरंच हललं, नकाशा छापायला आधी प्रिंट कंपोजर होता तो लेआउट झाला, लेयर जोडायच्या सगळ्या वाटा एका डेटा सोर्स मॅनेजरमध्ये आल्या. त्याआधीचा व्हिडिओ लावून बसलात तर सांगितलेलं बटण सापडणारच नाही आणि वाटेल की आपलंच चुकतंय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ धड्यांमध्येही क्यूजीआयएसची मालिका आहे, ऐकून शिकणाऱ्यांनी ती जरूर बघा.

प्रोजेक्शन, रास्टर, व्हेक्टर हे शब्दच नवे असतील तर क्यूजीआयएसच्याच साइटवर जेंटल इंट्रोडक्शन नावाचं पुस्तक आहे, छोटं आहे, ते आधी वाचा. त्यात कॉम्प्युटर नसेल तर कागदी टोपोशीटवर, म्हणजे छापील भूनकाशावर, काय करायचं तेसुद्धा दिलंय.

मग युजर गाइड कधी उघडायचं? काम चालू असताना अडलं की. आमच्याकडे झाडांच्या यादीत वड, पिंपळ, गिरिपुष्प अशी नावं देवनागरीत होती आणि त्या यादीची सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, उघडली तर सगळीकडे भलतीच चिन्हं. हे काही धडे गिरवून कळत नाही, तिथे युजर गाइडमध्ये डिलिमिटेड टेक्स्टचं पान काढलं, एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवलीत ते सांगायचं खोकं सापडलं, यूटीएफ-8 निवडलं आणि नावं आली. पुढे शेपफाइल, म्हणजे लेयर साठवायचा जुना फाइल प्रकार, करताना कॉलमचं नाव कापलं जात होतं, कारण शेपफाइलमध्ये त्याला इंग्रजी 10 अक्षरांएवढीच जागा असते, देवनागरीत तर तीनच अक्षरं कशीबशी मावतात. म्हणून आता आम्ही सगळं जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल प्रकारातच सेव्ह करतो, त्यात झाडाचं नाव, घेर, कोणी नोंदवलं, सगळे कॉलम मराठीतच ठेवलेत.