ग्रंथालय कायद्यातला उपकर कुठे गेला? थोडी पार्श्वभूमी

गावच्या वाचनालयाचं अनुदान रखडलं की दरवेळी तीच चर्चा सुरू होते, की सरकारला वाचनाचं काही पडलेलं नाही वगैरे. पण या दुखण्याचं मूळ महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधीचं थोडक्यात. रत्नागिरीत 1828 ला, नाशिकला 1840 ला, पुण्यात 1848 ला वाचनालयं निघाली. सुरुवातीला साहेबाच्या आश्रयाने, पुढे लोकवर्गणीवर. बडोद्यात मात्र 1910 पासून संस्थानाने स्वतःच्या पैशाने पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं फिरवली. म्हणजे दोन वाटा तेव्हाच दिसल्या होत्या, एक वर्गणीची आणि एक राज्याने खर्च उचलायची. मुंबई इलाख्यात 1939 ला एक समिती नेमली, तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड आखली, पण अंमलबजावणी स्वातंत्र्याच्या सुमाराला सुरू झाली आणि तीही अर्धवट.

आता मुख्य मुद्दा. मद्रासने (आजच्या तमिळनाडूने) 1948 लाच कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर, म्हणजे फक्त ग्रंथालयांसाठीचा जादा कर, बसवला होता, म्हैसूरनेही 1965 ला उपकराचाच रस्ता धरला. महाराष्ट्राने 1967 ला कायदा केला, 1 मे 1968 ला तो लागू झाला, आणि त्यात उपकर नाही! त्याऐवजी ग्रंथालय निधी ठेवला, ज्यात सरकारने दरवर्षी किमान 25 लाख टाकायचे. तेव्हा ही रक्कम लहान नव्हती, पण कायद्यात आकडा लिहिला की तो तिथेच राहतो, उपकर घरपट्टीबरोबर आपोआप वाढतो. उपकर न लावण्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की आपल्याकडे आधीच शेकडो संस्था स्वतःच्या हिमतीवर चालल्या होत्या, त्या सरकारने ताब्यात घेतल्या असत्या तर कार्यकर्ते घरी बसले असते, आणि शिक्षणाचा उपकर 1962 पासून होताच, अजून एक कर कशाला. पहिल्या मुद्द्यात दम आहे, तो मी नाकारत नाही. पण संस्थांची स्वायत्तता ठेवूनही उपकर लावता आला असता की, दोन्ही गोष्टी एकमेकांच्या आड येत नव्हत्या. शेजारच्या गोव्याने 1993 च्या कायद्यात दारूवर अधिभार लावून ग्रंथालयांसाठी पैसा उभा केला, म्हणजे इच्छा असली की वाट सापडते. आपल्या शहरातल्या घरपट्टीच्या बिलात वृक्ष कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर सगळं दिसतं, ग्रंथालयाची ओळ नाही. उपकर असलेल्या राज्यांतही पालिका पैसे गोळा करून वेळेवर पुढे देत नाहीत ही तक्रार आहे, पण तिथे निदान हक्काने मागता येतं.

याचा परिणाम सगळ्यात जास्त झाला तो ग्रंथपालांवर. 1970 च्या नियमांनी वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग आले (ड सगळ्यात लहान), अनुदान वर्षाला हप्त्यांत, आणि त्यातला साधारण अर्धा भाग पगारासाठी. ड वर्गाला बरीच वर्षं वर्षाकाठी 30 हजार मिळायचे. अर्धे म्हणजे 15 हजार, महिन्याला साडेबाराशे रुपये!! एवढ्यात कोण पूर्णवेळ बसणार? तमिळनाडूत शाखा ग्रंथालयात बसणारा माणूस सरकारी नोकर असतो, आपल्याकडे तो संस्थेचा नोकर, म्हणून वेतनश्रेणीची मागणी समित्यांवर समित्या येऊनही तशीच पडून.

2012 ला महसूल खात्याकडून सरसकट पडताळणी झाली, कागदावरची वाचनालयं शोधायला. ती व्हायलाच हवी होती, काही ठिकाणी खरंच फक्त पाटी होती. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ बरीच वर्षं थांबली आणि प्रामाणिक संस्थाही त्यात भरडल्या. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी अनुदानात 60 टक्के वाढ झाली. वाढ चांगलीच आहे, पण ती पुन्हा सरकारच्या मर्जीवरच, दरवर्षीच्या महागाईशी तिचा संबंध नाही.

आणि हे सगळं अशा काळात, जेव्हा तालुक्याच्या गावांत वाचनालयाची अभ्यासिका हीच पोलीस भरती आणि एमपीएससीच्या पोरांची एकमेव शांत जागा आहे. घरात दोन खोल्या नि सहा माणसं, पुण्यात जाऊन क्लास लावायला पैसे नाहीत, ती पोरं सकाळी कुलूप उघडायच्या आधी दारात उभी असतात, आणि कुलूप उघडणारा माणूस अशाच तुटपुंज्या पगाराच्या हिशोबातून आलेला असतो.