चित्रकार जहाजावर होता, म्हणून काय झालं?

अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याच्या पॅसिफिक महासागरातल्या सफरींवर काही लिहिलेलं दिसलं की मी आधी चित्राखालची ओळ वाचतो. ठरलेली असते: युरोपीय दर्यावर्दी आणि बेटवासी यांची पहिली भेट, प्रत्यक्षदर्शी चित्रकाराने टिपलेली. त्या ‘टिपलेली’चा मला वीट आलाय.

कोणत्या सफरीवर कोण चित्रकार, हा घोळ किरकोळ आहे. पहिल्या सफरीवर पार्किन्सन, दुसरीवर (1772-75) विल्यम हॉजेस, तिसरीवर जॉन वेबर. हवाई दिसलं की वेबर. हॉजेस तिकडे फिरकलाच नाही.

लोक खरे फसतात ते पुढे. माणूस समोर बसवून काढलेलं रेखाटन आणि लंडनला परतल्यावर रचलेलं चित्र, दोन्हींखाली नाव हॉजेसचंच, मग दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवला जातो. ताहितीचा राजा ओटू याचा चेहरा हॉजेसने तांबड्या खडूने काढला, तो त्याला समोर बघून. ‘मिडलबर्गवर उतरताना’ची गोष्ट वेगळी. मिडलबर्ग म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांपैकी एउआ बेट. ऑक्टोबर 1773 मध्ये कुक तिथे उतरला तेव्हा हॉजेस बरोबर होता, कबूल. पण आज जिथेतिथे दिसतं ते त्याच्या चित्रावरून शेर्विन नावाच्या कारागिराने लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, 1777 च्या अधिकृत वृत्तांतात छापलेलं चित्र. शेर्विनने टोंगा पाहिलेलं नव्हतं.

त्यातली बेटावरची माणसं जरा निरखून बघा. अंगावरच्या वस्त्रांच्या चुण्या संगमरवरी पुतळ्याच्या, उभं राहण्याची ऐट तीच. हे माझं आजचं शहाणपण नाही. हॉजेसच्याच जहाजावर असलेल्या गेओर्ग फॉर्स्टरने 1777 मध्येच छापून टाकलं की हे नाकडोळे ग्रीक आहेत, दक्षिण समुद्रात असलं काही कधी नव्हतंच. वर टोला हाणला, की हॉजेसची मूळ रेखाटनं हरवली असणार, आणि ती उणीव त्याने स्वतःच्या कल्पनेने भरून काढली!

आणि ‘पहिली भेट’? टोंगात डच दर्यावर्दी टास्मान 1643 मध्येच येऊन गेला होता. मिडलबर्ग हे नाव त्यानेच ठेवलेलं.

हॉजेस वाईट चित्रकार नव्हे. समुद्रावरचा उजेड त्याच्यासारखा त्या काळी फार थोड्यांना जमला. (पुढे हिंदुस्थानात येऊन ग्वाल्हेरचा किल्ला रंगवणारा हॉजेस तो हाच.) फक्त त्याच्या उजेडाला साक्षीदार करू नका.

मला विचाराल तर, भेटीचं एकच चित्र ठेवायचं झालं तर मी तुपाइयाचं ठेवीन. हा रायातेआ बेटाचा पुरोहित आणि वाटाड्या, पहिल्या सफरीत ताहितीहून जहाजावर चढला. 1769 मध्ये न्यूझीलंडला त्याने जलरंगात दोन माणसं काढली: झगा पांघरलेला एक माओरी (तिथला मूळ रहिवासी), आणि डोक्यावर टोपी घातलेला एक इंग्रज. शरीररचना बेतास बात, पार्श्वभूमी नाहीच. चित्र कोणी काढलं हे 1997 पर्यंत कळलंच नव्हतं. मग पहिल्या सफरीवर असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याचं 1812 चं एक पत्र हाती लागलं. त्यात तो सांगतो की तुपाइयाने माझंच चित्र काढलं होतं: सौदा पुरा होईपर्यंत मी शेवंड घट्ट धरून ठेवली होती. चित्रात माओरीच्या हातात दोरीला बांधलेली शेवंड आहे, इंग्रजाच्या हातात पांढरं कापड, आणि दोघांपैकी कोणीही आपली वस्तू आधी सोडायला तयार नाही.