पहिलटकरणीच्या दारी दोघीजणी

मध्य ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे एखादी अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) पहिलटकरीण गरोदर स्त्रियांसाठीच्या गृहभेट योजनेत दाखल झाली की तिच्या दारी परिचारिका एकटी येत नाही. सोबत त्याच समाजातील एक कार्यकर्तीही असते. ही योजना ज्या अमेरिकी आराखड्यावरून घेतली, त्यात ही जोडी नव्हती. अमेरिकी संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे जो प्रयोग सुरू केला, त्यात परिचारिकाच घरी जात असे, आणि तिने बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत भेटी दिलेल्या कुटुंबांत मुलांच्या छळाच्या वा हेळसांडीच्या नोंदी पंधरा वर्षांनंतरही कमी आढळल्या.

ऑस्ट्रेलियात तो आराखडा जसाच्या तसा उचलून भागणार नव्हते. सरकारी माणूस दार वाजवतो तो मूल उचलून न्यायला, ही धास्ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, कारण १९७०च्या दशकापर्यंत हजारो अ‍ॅबोरिजिनल मुले खरोखरच आईपासून तोडली गेली. त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. अशा घरात बाळाचा वजनकाटा न्यायचा तर तेथील नातीगोती जाणणारी बाई सोबत हवीच. (गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या देखभालीसाठी घडवले, त्यामागचा विचारही याच्या जवळचाच.)

भेटी गर्भारपणातच सुरू होतात: पहिला महिना दर आठवड्याला, मग बाळंतपणापर्यंत पंधरवड्याला, बाळंतपणानंतर सहा आठवडे पुन्हा दर आठवड्याला आणि पुढे हळूहळू विरळ. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात वाळवंटातील दूरच्या वस्तीवरची गरोदर बाई शेवटच्या काही आठवड्यांत शहरात येऊन राहते, रुग्णालयात बाळंत होते आणि बाळ घेऊन परतते. दवाखाना, रुग्णालय आणि गृहभेटीचे पथक यांनी एकमेकांना वेळेवर कळवले नाही, तर नेमक्या पहिल्या नाजूक आठवड्यांतच तिचा धागा सुटतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये ही योजना सेंट्रल ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनल काँग्रेस या समाजाच्याच ताब्यातील आरोग्यसंस्थेकडे आहे, जिचे स्वतःचे दवाखानेही आहेत. माझ्या मते योजनेचे खरे बळ या व्यवस्थेत आहे.

तेथील कुटुंबांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात विशेषतः कोवळ्या वयाच्या आयांच्या बाळांबाबत बालसंरक्षण खात्याकडे जाणाऱ्या तक्रारी कमी दिसल्या. मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता. आया आपणहून दाखल झाल्या होत्या, त्यामुळे श्रेय किती भेटींचे आणि किती त्यांच्या स्वतःच्या उमेदीचे, हे त्यातून पुरते वेगळे काढता येत नाही.