नाताळची नैसर्गिक सजावट

नाताळात घराचे दार, खिडक्या, भिंती, जेवणाचे टेबल आणि नाताळवृक्ष हिरव्या डहाळ्या, पाइनचे शंकू, काड, लाकडाच्या चकत्या, सुकवलेली फळे, मसाले, गोणपाट व सुतळी अशा साहित्याने सजवण्याची पद्धत. साहित्य शक्यतो न रंगवता, मूळचा पोत दिसेल असे वापरतात. तिला आज ‘रस्टिक’ किंवा ग्रामीण शैली म्हणतात, पण हे नाव अलीकडचे. काचेचे गोळे आणि चमचमत्या झिरमिळ्या बाजारात येण्यापूर्वी नाताळची सजावट याच वस्तूंची होई; हाताशी दुसरे काही नव्हतेच.

हिवाळ्यात पाने न गाळणाऱ्या झाडांनी घर सजवणे नाताळपेक्षाही जुने आहे. रोमन लोक सणासुदीला दारावर लॉरेलच्या डहाळ्या लावत. इ. स. 200 च्या सुमारास तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने आपल्याच धर्मबांधवांना याबद्दल खडसावले होते, म्हणजे तेही ते करत असणार! पुढे चर्चनेच ही हिरवाई आपलीशी केली. जॉन स्टो याने 1598 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनात घरे आणि चर्च हॉली, आयव्ही व लॉरेल या सदाहरित वनस्पतींनी आणि त्या ऋतूत जे काही हिरवे मिळेल त्याने सजवत, अशी नोंद आहे. स्ट्रासबुर्गमधील 1605 च्या एका वर्णनात दिवाणखान्यातील फरच्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ बिस्किटे आणि मिठाई टांगलेली दिसते. 24 डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस मानला जाई. त्या दिवशी होणाऱ्या त्यांच्या नाटकातल्या झाडावरची सफरचंदे इथे आली असावीत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाउशा गावच्या काचकामगारांनी फुंकून केलेले गोळे पसरले आणि फळांची जागा काचेने घेतली.

उत्तर युरोपात काडाला विशेष मान आहे. फिनलंडमध्ये राय धान्याच्या पोकळ काडांचे तुकडे दोऱ्यात ओवून ‘हिम्मेली’ नावाचे भौमितिक झुंबर करतात. ते इतके हलके असते की माणूस शेजारून गेला तरी फिरू लागते. स्वीडनमध्ये काडाची बकरी करतात. येव्ले शहरात 1966 पासून चौकात सुमारे 13 मीटर उंचीची अशी बकरी उभारली जाते. पहिल्याच वर्षी ती कोणीतरी पेटवून दिली आणि नंतरही अनेकदा तिचे तेच झाले. नाताळपर्यंतचे दिवस मोजत लावायच्या मेणबत्त्यांचे गोल कडेही फार जुने नाही. हँबुर्गमध्ये अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या योहान हिनरिख विखेर्न या पाद्र्याने 1839 मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल, म्हणजे मुलांना नाताळ किती दिवसांवर आला ते मोजता यावे. चाकाभोवती डहाळ्या नंतर आल्या.

या सजावटीतले खरे कौशल्य पाण्याच्या हिशेबात आहे. हिरवे ते ओले राहिले पाहिजे आणि सुके ते पुरते सुके. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर काही तासांत राळ धरते आणि पाणी वर चढेनासे होते. म्हणून घरात आणल्याबरोबर खालची सुमारे दोन सेंटीमीटरची चकती कापून झाड लगेच पाण्यात उभे करतात. बुंधा स्टँडमध्ये बसत नाही म्हणून कडेने तासणे ही नेहमीची चूक. पाणी सालीलगतच्या बाहेरच्या थरांतूनच चढते. फरच्या सुया बऱ्याच दिवस टिकतात, स्प्रूसच्या मात्र उबदार खोलीत लवकर गळतात.

दारावरचे कडे, म्हणजे रीथ, बांधताना हाच हिशेब लागतो. वाकवलेल्या वेलीच्या किंवा तारेच्या चौकटीवर वीतभर लांबीच्या तीनचार डहाळ्यांची जुडी ठेवायची, तारेचे दोन वेढे द्यायचे, आणि पुढची जुडी आधीच्या देठांवर चढवून ठेवायची. सगळ्या एकाच दिशेला. तार मध्ये कुठेही तोडायची नाही. शेवटच्या जुडीचे देठ पहिलीच्या पानांखाली सरकवले की सुरुवात कुठे होती ते कळत नाही. वेढा हाताला लागेल इतका आवळावा लागतो, कारण देठ सुकताना आक्रसतात आणि सैल बांधलेल्या जुड्या आठवड्याभरात निसटून दाराशी पडतात.

संत्र्याचे उलटे आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या टिपून घेऊन ओव्हनमध्ये 90 ते 100 अंश सेल्सिअसवर, मधूनमधून उलटत, तीनचार तास ठेवतात. साल गडद होते, गर पारदर्शक होतो आणि खिडकीत टांगल्यावर रंगीत काचेसारखा उजळतो. मधला भाग बोटाला चिकटत असेल तर चकती झाली नाही. तिला बुरशी येणारच. अख्ख्या संत्र्यात लवंगा टोचून सुगंधी गोळा करतात, तेव्हा लवंगांमध्ये थोडी जागा सोडावी. फळ सुकत जाते तशा त्या आपोआप जवळ येतात.

रानातून आणलेले शंकू ओव्हनमध्ये त्याच तापमानावर अर्धा तास ठेवले की किडे मरतात आणि राळ वितळून खवल्यांवर चकाकी येते. जिवंत झाडाची साल मात्र काढू नये, आणि शेवाळ बेताने घ्यावे. ते सावकाश वाढते.

हिरवी फांदी वाळली की तिच्यातल्या राळेमुळे भडकन पेटते, म्हणून तिच्याजवळ किंवा काडाजवळ खरी मेणबत्ती नको. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर हॉली आणि मिसलटो या बांडगुळाची फळे हाती लागणार नाहीत अशी लावावीत. यू या झाडाच्या डहाळ्या घरात आणूच नयेत. त्याची पाने आणि बिया जीवघेण्या असतात.

सजावट जानेवारीच्या 5 किंवा 6 तारखेला उतरवण्याचा रिवाज आहे. पूर्वी काही ठिकाणी ती 2 फेब्रुवारीपर्यंत ठेवत. डहाळ्या आणि काड कंपोस्टमध्ये जातात, तार आधी सोडवावी लागते. स्प्रे रंग किंवा चमकी लावलेले जात नाही. शंकू खोक्यात भरून पुढच्या वर्षी वापरतात. खोके दमट जागी राहिले तर ते घट्ट मिटलेले निघतात. फेकू नयेत. खवल्याचा बाहेरचा थर ओलाव्याने आतल्यापेक्षा अधिक फुगतो म्हणून शंकू मिटतो, आणि त्यातल्या पेशी मेलेल्या असल्या तरी ही हालचाल वर्षानुवर्षे चालू राहते. उबेला ठेवले की काही तासांत एकेक खवला पुन्हा उघडतो.